समुपदेशनातला उपदेश

इंग्रजीतल्या काउन्सेलिंगला मराठीत समुपदेशन म्हणतात. शब्द भारदस्त आहे. दारावरच्या पाटीवर शोभतो, शासनाच्या परिपत्रकात बसतो. पण तो फोडला की आतून उपदेश निघतो. त्याला ‘सम्’ हा उपसर्ग लागला म्हणून त्याचा स्वभाव बदलत नाही, फार तर तो नीट बसवून केलेला उपदेश होतो. इंग्रजी शब्दाच्या मुळाशीही सल्लाच आहे, तेव्हा भाषांतर करणाऱ्यांना दोष देता येत नाही. तरीही कॉलेजातल्या एका छोट्या खोलीत या पाटीखाली बसताना मला हा शब्द कायम टोचत आला आहे. येणारी माणसं पाटी वाचूनच येतात. मुलाला दंडाला धरून आणलेली आई दारातूनच सांगते, ‘‘मॅडम, याला जरा तुम्ही समजावा. आमचं ऐकत नाही.’’

या दोन छोट्या वाक्यांत आपली सगळी घरं सामावलेली आहेत. समजावणे म्हणजे माझी समज तुझ्या डोक्यात उतरवणे. आणि ‘ऐकत नाही’ म्हणजे काय? मुलाच्या कानाला काही झालेलं नसतं. सांगितलेलं तो करत नाही, एवढाच त्याचा अर्थ. मराठीत ऐकणे म्हणजे मानणे. लहानाने मोठ्याचं ऐकायचं, विद्यार्थ्याने गुरुजींचं, सुनेने सासरचं. उलट्या दिशेने ऐकण्याची वेळ आली की आपण त्याला ‘ऐकून घेणे’ म्हणतो, आणि त्यात लगेच अपमान गिळल्याची चव येते: ‘‘मी तरी किती ऐकून घेऊ?’’ मोठ्या माणसाने लहानाचं, जाणत्याने नेणत्याचं, कमीपणा न येता ऐकावं, यासाठी आपल्याकडे सरळ, रोजच्या वापरातलं क्रियापदच नाही. ‘समजून घेणे’ आहे, पण तेही बहुधा चूक पोटात घालण्याच्या अर्थाने वापरलं जातं.

कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ऐकण्याची ही दिशा उलटी केली आणि तिच्यावर एक अख्खी उपचारपद्धती उभी केली. तिला आधी अनिर्देशित, मग क्लायंट-केंद्रित आणि पुढे व्यक्तिकेंद्रित म्हणू लागले. ती शिकवताना आपण बहुतेक वेळा तंत्र शिकवतो: हुंकार द्या, मान हलवा, समोरच्याचं वाक्य आपल्या शब्दांत परत म्हणा. माझं म्हणणं असं आहे की हे त्या पद्धतीचं साल आहे. तिचा गर अधिकाराच्या प्रश्नात आहे. एखाद्याच्या दुःखाचा अर्थ काय, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा? रॉजर्सनी तो अधिकार तज्ज्ञाच्या हातून काढून दुःख भोगणाऱ्याच्या हातात ठेवला. असा अधिकार सोडणं हे आपल्या समाजात कुठलंही तंत्र शिकण्यापेक्षा अवघड आहे, आणि म्हणूनच त्याची इथे गरज आहे.

रॉजर्सचा जन्म १९०२ सालचा, शिकागोजवळच्या ओक पार्कमधला. घर कर्मठ प्रॉटेस्टंट. ते बारा वर्षांचे असताना कुटुंब शेतावर राहायला गेलं. विस्कॉन्सिन विद्यापीठात त्यांनी आधी शेतकी घेतली, मग धर्मोपदेशक व्हायचं ठरवून न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत गेले, आणि तिथून टीचर्स कॉलेजात मानसशास्त्राकडे वळले. उपदेशकाच्या वाटेला लागलेला माणूस पुढे उपदेश टाकून देण्यापर्यंत पोहोचला, याचं मला नेहमी नवल वाटतं. १९२८ पासून बारा वर्षं ते रॉचेस्टर शहरात उनाड, बिथरलेल्या, घरातून काढलेल्या मुलांसाठी काम करत होते. तिथे घडलेली एक गोष्ट त्यांनीच लिहून ठेवली आहे.

एका द्वाड मुलाची आई त्यांच्याकडे यायची. बाई हुशार होती. रॉजर्सचं निदान पक्कं होतं: आईने मुलाला अगदी लहानपणापासून मनातून दूर लोटलं आहे, सगळी गडबड तिथली आहे. हे तिला उमगावं म्हणून त्यांनी कित्येक बैठका खर्च केल्या. तिच्याच बोलण्यातले पुरावे हळुवारपणे जोडून दाखवले. काही उपयोग झाला नाही. शेवटी त्यांनी हात टेकले. आपण दोघांनी प्रयत्न केला, जमलं नाही, थांबूया, असं त्यांनी सांगितलं आणि तिनेही ते मान्य केलं. हस्तांदोलन झालं. बाई दारापर्यंत गेली, मागे वळली आणि विचारलं, इथे मोठ्या माणसांनाही मदत करता का? ते हो म्हणाले. मग मला हवी आहे, असं म्हणून ती नुकत्याच सोडलेल्या खुर्चीत परत येऊन बसली आणि तिच्या संसाराबद्दल, नवऱ्याशी तुटत चाललेल्या नात्याबद्दल, स्वतःच्या हरलेपणाबद्दल बोलू लागली. आधीच्या बैठकांत तिने पुरवलेल्या कोरड्या माहितीचा आणि याचा काही संबंध नव्हता. खरं काम त्या क्षणी सुरू झालं आणि तडीला गेलं.

या गोष्टीत रॉजर्सचं निदान चुकलं होतं, असं कुणी म्हणत नाही. कदाचित ते अगदी बरोबर असेल. बोचणारी गोष्ट ती आहे. बरोबर असलेलं निदान निरुपयोगी ठरलं, कारण ते ज्याचं त्याला सापडलेलं नव्हतं. कुठे दुखतं, कुठल्या दिशेने जायचं, कोणता अनुभव खोल गाडला गेला आहे, हे त्या माणसालाच ठाऊक असतं. आपण शहाणपण मिरवायचं सोडलं तर तो ते आपल्याला दाखवतो. रॉचेस्टरहून निघताना रॉजर्सनी एवढी गोष्ट सोबत घेतली होती.

११ डिसेंबर १९४० रोजी मिनेसोटा विद्यापीठात त्यांनी मानसोपचारातल्या नव्या कल्पनांवर व्याख्यान दिलं. सल्ला देणं, पटवणं, अर्थ लावून दाखवणं या रूढ पद्धतींवर त्यात टीका होती. श्रोत्यांत खळबळ उडाली. आपण काही नवं बोलतो आहोत, हे रॉजर्सना स्वतःला त्या खळबळीमुळे कळलं, आणि पुढे या पद्धतीचा जन्मदिवस म्हणून ते हीच तारीख सांगत. दोन वर्षांनी, १९४२ मध्ये, त्यांचं पुस्तक आलं. त्यात ‘हर्बर्ट ब्रायन’ या टोपणनावाच्या एका माणसाच्या आठ बैठकांचा शब्दन्‌शब्द छापलेला होता. टेपरेकॉर्डर तेव्हा सहज मिळत नव्हता. ग्रामोफोनच्या कोऱ्या तबकड्यांवर ध्वनिमुद्रण करायचं आणि दर काही मिनिटांनी तबकडी बदलायची, असा तो खटाटोप. तोवर मानसोपचारात काय घडतं हे उपचार करणाऱ्याच्या आठवणीवरून कळायचं, आणि आठवण नेहमी सांगणाऱ्याच्या बाजूने झुकलेली असते. रॉजर्सनी बंद खोलीचं दार उघडलं. आपलं कुठलं वाक्य समोरच्याला पुढे नेतं आणि कुठल्या वाक्याने तो गप्प होतो, हे ते आणि त्यांचे विद्यार्थी तबकड्या पुन्हा पुन्हा लावून ऐकत.

मी हे माझ्या प्रशिक्षणात अनुभवलं आहे. तिघींचा गट करायचे. एकीने बोलायचं, दुसरीने ऐकायचं, तिसरीने पाहायचं. दहा मिनिटं, आणि शेजारी टेप चालू. माझ्या मैत्रिणीने तिच्या वडिलांच्या शेवटच्या दुखण्याबद्दल बोलायला सुरुवात केली होती. मी अगदी मनापासून ऐकत होते, असं मला वाटत होतं. टेप परत लावली तेव्हा दर वाक्याआड माझा आवाज होता: ‘‘अगं पण तू तर सगळं केलंस ना.’’ ‘‘अगं पण त्यांचं वयही झालं होतं.’’ ‘‘अगं पण असा विचार नको करूस.’’ प्रत्येक ‘अगं पण’नंतर तिचं वाक्य आखूड होत गेलं होतं. सहाव्या मिनिटाला तीच माझी समजूत काढत होती: मी ठीक आहे आता, तू काळजी करू नकोस. तिच्या दुःखाशेजारी बसणं मला सोसत नव्हतं आणि ते लवकर मिटावं म्हणून मी धीर देत होते, हे मला त्या दिवशी कळलं. आपल्या भेटीगाठींतले कितीतरी धीराचे शब्द असेच बोलणाऱ्याच्या सोयीसाठी असतात. मयताच्या घरी जाऊन आपण ‘सावरा आता’ म्हणतो, तेव्हा कोणाला सावरत असतो?

रॉजर्सनी ‘पेशंट’ऐवजी ‘क्लायंट’ म्हणायला सुरुवात केली त्यामागेही हाच अधिकाराचा विचार होता. पेशंट म्हटलं की तो आजारी, त्याने निमूट पडून राहायचं आणि जाणत्याने करायचं ते करायचं. क्लायंट स्वतःहून येतो, मदत मागतो, पण स्वतःच्या आयुष्याची जबाबदारी सोडत नाही. मराठीत ही अडचण सुटलेली नाही. वकिलाकडे जातो तो अशील, दुकानात जातो ते गिऱ्हाईक, दवाखान्यात जातो तो पेशंट. माझ्या खोलीत येणाऱ्याला यांपैकी काहीही म्हणवत नाही. मी मनात ‘आलेली मुलगी’, ‘आलेला मुलगा’ असंच म्हणते.

१९५७ साली रॉजर्सनी एक लेख लिहून आपला सगळा दावा सहा अटींत मांडला. या सहा गोष्टी असल्या की माणूस बदलतो, त्या आवश्यक आहेत आणि पुरेशाही आहेत, असा धाडसी दावा. त्यातल्या तीन अटी पाठ्यपुस्तकांनी प्रसिद्ध केल्या: उपचार करणाऱ्याचा सच्चेपणा, विनाअट स्वीकार आणि समानुभूती. तिन्हींबद्दलही मोठे गैरसमज आहेत.

समानुभूतीची व्याख्या करताना रॉजर्सनी ‘जणू’ या शब्दावर सगळा भार टाकला आहे. दुसऱ्याचं आतलं जग जणू आपलंच आहे असं जाणायचं, पण तो ‘जणू’ कधीही हातचा सोडायचा नाही. तो सुटला की ऐकणारी रडायला लागते आणि सांगणाऱ्याला तिला पाणी द्यावं लागतं. आपल्याकडे हेच प्रेमाचं लक्षण मानतात, म्हणून ‘जणू’ सांभाळणारी व्यक्ती आपल्याला कोरडी वाटते. दुसऱ्या बाजूला पोपटपंची आहे. समोरचा म्हणाला, मला फार एकटं वाटतं, की आपण म्हणायचं, तुम्हाला फार एकटं वाटतं. या प्रकाराने रॉजर्सना आयुष्यभर छळलं. भावना ‘परावर्तित करणे’ हा शब्द ऐकला की अंगावर काटा येतो, असं त्यांनी उतारवयात लिहिलं. त्यांना अभिप्रेत होती ती विचारणा: मला असं कळलं आहे, बरोबर आहे का? चुकलं तर सांगा. यात ऐकणारा आपली समज तपासायला समोरच्याच्या हातात देतो. गुरुजी शिष्याकडून आपली वही तपासून घेत आहेत, असं चित्र डोळ्यांपुढे आणलं तर ही गोष्ट आपल्याला किती परकी आहे, ते ध्यानात येईल.

विनाअट स्वीकाराबद्दल लोक विचारतात, मग काय काहीही चालवून घ्यायचं? बायकोवर हात उगारणाऱ्या माणसालाही? स्वीकार म्हणजे संमती नव्हे, हे खरं, पण एवढं बोलून प्रश्न सुटत नाही. मला तो असा कळतो: आपल्या घरांत प्रेमाला अटी असतात आणि त्या बहुधा बोलून दाखवलेल्या नसतात. नव्वद टक्के मिळाले तर तू आमचा. रडला नाहीस तर तू शहाणा. उलट बोलली नाहीस तर तू गुणी. मूल या अटी गिळतं आणि हळूहळू स्वतःकडेही त्याच डोळ्यांनी बघू लागतं. मग राग आला तरी तो राग आहे हे त्याला ओळखू येत नाही, कारण गुणी मुलीला राग येत नसतो. तिचं पोट दुखतं, डोकं दुखतं, झोप लागत नाही. अशा माणसाला एक तरी जागा हवी, जिथे राग राग म्हणून बाहेर आला तरी समोरच्या चेहऱ्यावर आठी पडणार नाही. हात उगारणाऱ्या माणसाचंही तेच आहे. त्याचं कृत्य थांबवायलाच हवं, त्यासाठी कायदा आहे. पण त्या कृत्यामागचं भय त्याने कधी स्वतःच्या तोंडून उच्चारायचं असेल, तर त्याला न्यायाधीश समोर बसवून भागत नाही.

आणि सच्चेपणा. विस्कॉन्सिनमधल्या मेंडोटा रुग्णालयात, १९६० च्या आसपास, रॉजर्स एका तरुणाला भेटत असत. स्किझोफ्रेनियाचं निदान झालेला, कित्येक महिने तिथेच असलेला. बैठकांच्या ध्वनिमुद्रणांत मिनिटांमागून मिनिटं नुसती शांतता आहे. एके दिवशी तो कसाबसा बोलला: मी कोणाच्याही कामाचा नाही, कधी नव्हतो, माझं काही झालं तरी मला फिकीर नाही. पोपटपंची करणाऱ्याने त्याचंच वाक्य परत केलं असतं. रॉजर्सनी ते ऐकलं, आणि मग स्वतःचं सांगितलं: तुला नसेल, पण मला फिकीर आहे. पुन्हा शांतता. मग तो तरुण हमसून हमसून रडायला लागला. पुढे तो रुग्णालयाबाहेर पडला आणि काही वर्षांनी त्याने रॉजर्सना आपण बरं असल्याचा फोन केला. इथे आरसा नव्हता, समोर एक माणूस होता, आणि त्या माणसाला काही वाटत होतं.

पाठ्यपुस्तकं जिला विसरतात ती अट सहावी आहे. ऐकणाऱ्याचा स्वीकार आणि समज समोरच्यापर्यंत थोडी तरी पोहोचली पाहिजे. मी कितीही समजून घेतलं, पण तुला ते जाणवलं नाही, तर ते झालंच नाही. आपल्या घरांतली बहुतेक माया या अटीपाशी नापास होते. वडिलांचं प्रेम असतं, अपार असतं, पण मुलापर्यंत पोहोचतं ते ओरडण्याच्या रूपात. मग वडील गेल्यावर मुलगा त्यांच्या कपाटातले जुने कागद चाळत ते प्रेम शोधत बसतो.

आता आक्षेप. ते खरे आहेत आणि त्यांना वळसा घालणं मला पसंत नाही.

पहिला आक्षेप मार्टिन बूबरचा. १८ एप्रिल १९५७ रोजी मिशिगन विद्यापीठात हा ज्यू तत्त्वज्ञ आणि रॉजर्स श्रोत्यांसमोर बोलायला बसले. रॉजर्सना वाटत होतं की उपचारातले खरे क्षण हे बूबरच्या ‘मी-तू’ नात्यासारखेच असतात, दोन माणसं बरोबरीने समोरासमोर येतात. बूबरनी मान्य केलं नाही. तो तुमच्याकडे आला आहे, तुम्ही त्याच्याकडे गेलेला नाहीत. तुम्ही त्याला जसं पाहू शकता, तसं तो तुम्हाला पाहू शकत नाही. ही बरोबरी नव्हे, असा त्यांचा रोख होता. मराठीत हा मुद्दा शिकवावाच लागत नाही. इंग्रजी ‘यू’मध्ये सगळे भेद झाकले जातात. बूबरचा जर्मन शब्द ‘डू’ होता, म्हणजे आपला जवळिकीचा ‘तू’, जो आपण देवाला म्हणतो, आईला म्हणतो. पण मला मात्र पहिल्याच वाक्यात ठरवावं लागतं: समोरच्या एकोणीस वर्षांच्या मुलाला तू म्हणू की तुम्ही? तू म्हटलं की मी ताई किंवा बाई होते, मोठी होते. तुम्ही म्हटलं की तो बावरतो, कारण त्याला आजवर कुणीच तुम्ही म्हटलेलं नसतं. तो मला मॅडम म्हणणार हे ठरलेलंच असतं. बूबर बरोबर होते: खोलीची रचनाच असमान आहे. म्हणून मी विचारते, तुला तू म्हणू की तुम्ही? बरोबरी त्याने येत नाही. पण कदाचित आयुष्यात पहिल्यांदाच, आपल्याला कशी हाक मारावी हे त्याला कोणी विचारलेलं असतं.

दुसरा आक्षेप आतून आला. चार्ल्स ट्रूअॅक्स या संशोधकाने १९६६ मध्ये रॉजर्सच्याच एका दीर्घ आणि यशस्वी उपचाराची ध्वनिमुद्रणं तपासली. समोरचा काय बोलतो त्यानुसार रॉजर्सची ऊब आणि समज कमीजास्त होत होती, असं त्यांना आढळलं. म्हणजे ‘हं’ हा हुंकारही तटस्थ नसतो. मी म्हणेन, नसणारच. पण तो तबकडीवर सापडला, कारण रॉजर्सनी तबकडी ठेवली होती. आपल्याकडे किती समुपदेशक आपलं बोलणं, समोरच्याच्या परवानगीने, दुसऱ्याला तपासायला देतात?

सहा अटींच्या दाव्यातल्या ‘पुरेशा’ या शब्दाबाबत मात्र रॉजर्स चुकले, असं मला वाटतं. मेंडोटा रुग्णालयात त्यांनी केलेल्या मोठ्या अभ्यासात उपचार मिळालेले आणि न मिळालेले यांच्यात अपेक्षेएवढा फरक दिसला नाही. अलीकडे इंग्लंडमधल्या शेफिल्डला ५१० नैराश्यग्रस्त व्यक्तींवर झालेल्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले, सहा महिन्यांनी ही पद्धत वर्तन-विचार उपचारांच्या तोडीची ठरली, पण बारा महिन्यांनी मागे पडली. आणि संशोधन बाजूला ठेवलं तरी, नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या बाईसमोर नुसती समानुभूती घेऊन बसणं हा गुन्हा आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने तिच्यासाठी संरक्षण अधिकारी नेमला आहे, हे तिला सांगायलाच हवं. मरायचे बेत करणाऱ्याला त्याची वाट त्यालाच सापडेल म्हणून सोडून देता येत नाही. माहिती द्यायची, आडवं यायचं, आणि तरीही तिच्या आयुष्याचा अर्थ तिच्याकडून काढून घ्यायचा नाही, ही कसरत रोजची आहे.

तिसरा आक्षेप आपल्या बाजूचा: हे सगळे पाश्चात्त्य व्यक्तिवादाचे लाड आहेत, आपला माणूस कुटुंबात जगतो. तुला काय हवं आहे, असं एखाद्या सुनेला विचारलं तर ती म्हणते, सगळ्यांचं नीट व्हावं. यावर जी समुपदेशक म्हणते, सगळ्यांचं राहू द्या, तुमचं स्वतःचं सांगा, तिने रॉजर्सचा ग्रंथ वाचला असेल पण त्यांचं काम केलेलं नाही. त्या बाईच्या आतल्या जगात सासू आहे, दीर आहे, माहेरचं देणं आहे. तिचा ‘मी’ एवढा ऐसपैस असेल, तर त्या सगळ्या घरातून तिच्यासोबत फिरायला हवं. तिला त्यातून बाहेर ओढणं हाही उपदेशच, फक्त परदेशी बनावटीचा.

महाराष्ट्रात मात्र रॉजर्सपेक्षा त्यांचा प्रतिपक्षी अधिक रुजला. अल्बर्ट एलिसचा, विचारातल्या चुका तर्काने दाखवून देणारा विवेकनिष्ठ मानसोपचार कि. मो. फडके यांनी मराठीत आणला, डॉ. आनंद नाडकर्णी यांच्यासारख्यांनी तो लोकांपर्यंत नेला. हे मोठं काम आहे, त्याचा फायदा मी माझ्या विद्यार्थ्यांत पाहिला आहे. वादविवादात वाढलेल्या, तर्काला मान देणाऱ्या समाजाला एलिस जवळचा वाटावा, यात आश्चर्य नाही. या दोघांची समोरासमोर तुलना एका चित्रफितीत आहे. १९६० च्या दशकात एव्हरेट शोस्ट्रॉम यांनी ग्लोरिया नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका घटस्फोटित तरुणीला एकामागून एक तीन मानसोपचारतज्ज्ञांसमोर बसवलं: रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्स आणि एलिस. रॉजर्ससमोर तिने एक प्रश्न लावून धरला. नऊ वर्षांच्या मुलीने माझ्या पुरुषमित्रांबद्दल विचारलं आणि मी तिच्याशी खोटं बोलले, खरं सांगू का? ती पुन्हा पुन्हा उत्तर मागते. रॉजर्स देत नाहीत, पण तिला एकटीही सोडत नाहीत. अर्ध्या तासात ती स्वतःच त्या जागी पोहोचते, जिथे तिला कळतं की मुलीने आपल्याला आहे तसं स्वीकारावं अशी तिची भूक आहे. चित्रण संपल्यावर कोणाचा सर्वांत उपयोग झाला, असं विचारल्यावर तिने पर्ल्सचं नाव घेतलं, हेही सांगायला हवं. नंतर मात्र तिला त्यांचा राग आला, आणि पत्रव्यवहार तिने वर्षानुवर्षं ठेवला तो रॉजर्सशी.

मला एलिस आणि रॉजर्स यांच्यात निवड करायची नाही. माझी तक्रार क्रमाबद्दल आहे. विचारातली चूक दाखवायची, तर आधी त्या माणसाचा विचार पूर्ण ऐकलेला असावा लागतो. आपण तर्काचं हत्यार घेतलं, पण त्याआधीची पायरी गाळली, कारण तर्क करताना मोठेपणा शाबूत राहतो.

ऐकण्याने व्यवहारात काय होतं, हे पाहायला फार लांब जायला नको. गोव्यात १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘सांगात’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन दारूचा त्रास असलेल्या पुरुषांशी बोलायला बसवलं. त्या कामाचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि नेहमीच्या उपचारांपेक्षा त्यात अधिक फायदा दिसला. या बोलण्याच्या मुळाशी विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेली प्रेरणादायी मुलाखतीची पद्धत आहे, आणि मिलर ऐकायला शिकले रॉजर्सच्या कामातून. दारू पिणाऱ्याला ‘सोड’ असं बायको सांगते, आई सांगते, डॉक्टर सांगतो. प्रत्येक ‘सोड’पुढे तो एक कारण उभं करतो. कोणी ‘सोड’ म्हणत नाही असा अर्धा तास मिळाला की कारणांना टेकायला भिंत उरत नाही, आणि सोडण्याची भाषा हळूहळू त्याच्याच तोंडून येऊ लागते.

रॉजर्स लहानपणी पाहिलेल्या एका दृश्याकडे पुन्हा पुन्हा वळत. हिवाळ्याची बेगमी म्हणून तळघरात बटाटे साठवलेले असत. उजेड फक्त वरच्या छोट्या खिडकीतून येई. त्या अंधारात बटाट्यांना पांढरे, अशक्त, दोन-तीन फूट लांब कोंब फुटत आणि ते खिडकीच्या दिशेने वाढत राहत. त्यांचं झाड कधी होणार नसे. रुग्णालयांच्या मागल्या वॉर्डांतली माणसं पाहताना त्यांना ते कोंब आठवत. वाकडं, विचित्र, किळसवाणंसुद्धा दिसेल, पण ते उजेडाकडे निघालेलं आहे. माझ्या खोलीत सिगारेटचा वास घेऊन, मान खाली घालून बसलेला मुलगा पाहिला की मीही हे आठवायचा प्रयत्न करते. नेहमी जमतं असं नाही. महिन्यापूर्वीच एकाला मी वीस मिनिटं समजावत बसले होते. तो परत आला नाही.

१९६६ साली मॅसॅच्युसेट्समध्ये जोसेफ वायझेनबॉम यांनी एक संगणकी कार्यक्रम जगापुढे मांडला, एलिझा. रॉजर्सच्या पद्धतीची बाह्य नक्कल करणारा: तुम्ही टाइप केलेलं वाक्य तो प्रश्न करून परत देई. एवढ्यानेच लोक त्याच्यापाशी मन मोकळं करू लागले. वायझेनबॉम यांच्या सेक्रेटरीला तो कसा बनला हे माहीत होतं, तरी तिने त्याच्याशी बोलताना त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. ते हादरले आणि पुढची कित्येक वर्षं त्यांनी अशा यंत्रांविरुद्ध लिहिण्यात घालवली. यंत्राला सच्चेपणाची अट पाळता येत नाही, कारण मेंडोटातल्या त्या तरुणाला जिच्यामुळे रडू आलं, ती फिकीर यंत्रापाशी नाही. माझं मत अजूनही हेच आहे.

गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या वर्षाची एक मुलगी मला सांगत होती की ती रोज रात्री फोनमधल्या अशाच एका कार्यक्रमाशी बोलते. घरात आई आहे, आजी आहे, मोठी बहीण आहे, चौघींचं एकमेकींवर प्रेम आहे, हे तिनेच सांगितलं होतं. मी विचारलं, त्याच्याशी बोलावंसं का वाटतं? ती थोडा वेळ ओढणीच्या टोकाला पीळ देत राहिली.

‘‘तो मला समजावत नाही, मॅडम,’’ ती म्हणाली.